गोड पाणी प्यालेलं इंजिन

पावसाळा आला की माझ्या शेडमधल्या एका लोखंडाला घाम फुटतो.

शेडमध्ये लोखंड तसं पुष्कळ आहे. ऐरण आहे, व्हाइस आहे, कोपऱ्यात मोडक्या गिअरबॉक्सचा ढीग आहे. त्यांना काही होत नाही, गंजतात तेवढेच. पण दाराजवळ जो एक ब्लॉक उभा आहे, म्हणजे इंजिनाचा नुसता सांगाडा, ज्याच्यावर पोतं टाकून गिऱ्हाईक बसतं, त्याच्यावर बारीक लालसर थेंब उभे राहतात. चिंधीनं पुसले तरी दुपारपर्यंत पुन्हा उभे. कोळी लोकांनी होड्या वर ओढल्या की हे सुरू होतं आणि नारळी पुनवेनंतर ऊन कडक झालं की थांबतं. सुनेनं मागे भंगारवाला बोलावला होता. मी त्या ब्लॉकवर बसून राहिलो. भंगारवाला म्हणाला, काका, उठा ना. मी म्हणालो, माझी शेड, माझं लोखंड, मी का उठू. तो कंटाळून गेला.

आज सकाळीही थेंब होते. म्हणून हे लिहायला बसलो. हाताला ग्रीस आहे, कागदाला डाग पडतील. पडू देत.

मी शाळेत फार गेलो नाही. कुडाळकडच्या आमच्या गावी मास्तरांनी छडी मारली, मी ती हिसकावून मोडली, तिथे शिक्षण संपलं. मुंबईत गिरणीच्या मशीन खात्यात जे शिकलो तेच खरं. पुढे संप झाला, गिरणी गेली. गाववाल्यांतले बरेच जण रखवालदार झाले, कुणी भाजी घेऊन फुटपाथवर बसला. मी अंधेरीला पूर्वेला नाल्याच्या कडेला चार पत्रे उभे केले आणि गाड्या उघडायला लागलो. पुन्हा कुणाची चाकरी केली नाही. ज्या इंजिनाला दुसरे हात लावायला घाबरत ते माझ्याकडे यायचं. ही बढाई नाही, त्या भागात कुणालाही विचारा. आता विचारायला कुणी उरलेलं नाही, ते वेगळं.

हिराजी खारदांड्याचा कोळी. आमची ओळख कुर्ल्याच्या भंगारात झाली. मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन तिथं पडलं होतं. एका बाजूनं मी त्याच्यावर हात ठेवला, दुसऱ्या बाजूनं त्यानं. दोघंही हटेनात. तुला कशाला पाहिजे, मी विचारलं. तर म्हणाला, बोटीत बसवायला. मी हसलो. टेम्पोचं इंजिन बोटीत? तो हसला नाही. म्हणाला, तुला बसवता येत नसेल तर हात काढ. असं मला कुणी बोललं की संपलं. ते इंजिन मीच त्याच्या बोटीत बसवून दिलं आणि तेव्हापासून आमचं जमलं.

बोटीत रेडिएटर नसतो. समुद्राचं पाणी एका नळीनं आत ओढायचं, इंजिनाच्या पोटातून फिरवायचं, तापलं की दुसऱ्या नळीनं समुद्रातच सोडून द्यायचं. एवढा समुद्र भोवती असताना पाणी साठवायचं कशाला. तर ते इंजिन चार-पाच हंगाम खारं पाणी पीत धडधडलं. हे ध्यानात असू द्या, कारण पुढचं जे काही झालं ते ह्या पाण्यामुळे झालं.

ज्या पावसाळ्याबद्दल मी लिहितोय तो त्यानंतरचा. रस्त्यावर तेव्हा नव्या चपट्या छोट्या मोटारी दिसायला लागल्या होत्या आणि चाळीचाळीत रंगीत टीव्ही आले होते. दांड्यावर होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकल्या होत्या. पावसाळ्यात दांड्याचे पुरुष रिकामे आणि बायकांना काम दुप्पट. पुरुष जाळी विणतात, पत्ते कुटतात, आकाशाला शिव्या देतात. बायका सुकी मासळी काढतात. बोंबील, जवळा, सोडे, पाटीत भरून डोक्यावर घेतात आणि जिथं गिऱ्हाईक असेल तिथं जातात. हिराजीची बायको मथुरा घाटकोपर आणि मुलुंडच्या बाजारात बसायची. पाटी बघितली की टॅक्सीवाला वेग वाढवायचा. बसचा कंडक्टर नाक धरून म्हणायचा, मावशी, खाली उतरा. त्या सुक्या बोंबलाचा वास तरी काय, माझ्यासारख्याला भूक लागते त्या वासानं. पण मथुरावहिनीची मान त्या पाटीखाली एका बाजूला झुकायला लागली होती. चुंबळ काढली तरी मान तशीच राहायची.

हिराजीनं गाडी आणली ती वांद्र्याच्या एका डॉक्टरीणबाईंची. मथुरावहिनी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घालायची. नवरा गेला, मुलं परदेशात, गाडी अंगणात सडत होती. बाई म्हणाल्या, घेऊन जा, तुळशीला ऊन तरी लागेल. जुनी, गोल पाठीची, फुगीर नाकाची छोटी मोटार. मुंबईत सगळे तिला डुक्कर म्हणायचे, मायेनंच म्हणायचे. तिचं पेट्रोलचं इंजिन पार जाम झालं होतं. चालू असतं तरी पेट्रोल कुणाला परवडणार होतं.

हिराजी शेडमध्ये आला, ह्याच दारात उभा राहिला, अंगावरचं पाणी निथळू दिलं आणि म्हणाला, बोटीचं इंजिन पावसाळाभर रिकामं बसतं. ते डुकरात घाल.

मी म्हणालो, डोकं फिरलंय तुझं. बोटीचं इंजिन त्या गाडीच्या दुप्पट. गाडी नाकावर पडेल. तो म्हणाला, बोटीचं कुठं, टेम्पोचं ना ते? जमिनीवरचंच हाय. जमिनीवर येऊ दे की त्याला. मग जरा थांबून म्हणाला, आणि हे मी त्याच्याच शब्दांत लिहितो, "गोविंदा, मना पण जमिनीवर यायचा हाय."

त्याचा हिशेब साधा होता. पावसाळाभर दांड्याच्या बायका आणि त्यांच्या पाट्या गाडीतून बाजारांना न्यायच्या. नारळी पुनवेला इंजिन माघारी बोटीत जाणार, बोट त्याचा चुलतभाऊ निम्म्या वाट्यानं चालवणार. मिळकतीतून गाडीला कुर्ल्याहून दुसरं इंजिन आणायचं आणि हिराजीनं कायमचं जमिनीवर राहायचं. धाकटा भाऊ गल्फला गेला होता, बाप थकला होता, मोठे ट्रॉलर येऊन किनाऱ्याजवळची मासळी खरवडून नेत होते. हिराजीला समुद्राची भीती नव्हती. त्याला समुद्राचा वीट आला होता. कोळ्यानं हे बोलणं म्हणजे काय, ते दांड्यावर राहिल्याशिवाय कळणार नाही.

त्याचा बाप धर्माबाबा. तोंडात दात नव्हते पण शब्द चावून बोलायचा. तो गाडीबद्दल चांगलं बोलला नाही आणि वाईटही बोलला नाही. बोटीतून इंजिन वर काढताना साखळी-कप्पीखाली येऊन उभा राहिला, इंजिन हवेत लोंबकळलेलं बघितलं आणि म्हणाला, पुनवेला माघारी पायजे. एवढंच.

त्या कामाबद्दल मी तासन् तास बोलू शकतो, पण आता ऐकणारे हात झटकून उठतात. इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, भोकं जुळत नाहीत. मधे जाड पोलादी चकती घालावी लागते, आणि ती केसभर जरी सरकली तर अख्ख्या गाडीची हाडं वाजतात. माझी चकती सरकली नाही. इंजिन उंच, बॉनेट बंद होईना. बॉनेटला चौकोनी भोक पाडलं आणि वर तेलाचा डबा कापून टोपी ठोकली. ड्रायव्हरच्या पायापुढचा पत्रा मागे घेतला, त्यामुळे हिराजीचे गुडघे स्टिअरिंगला टेकायचे. पुढच्या स्प्रिंगा जाड घातल्या तरी नाक खालीच. गाडी चालायला लागली की खरंच डुक्कर जमीन हुंगत चाललंय असं वाटायचं.

गाडी चालली आणि लगेच तापली. रेडिएटर उघडला तर आत लाल चिखल, खिरीसारखा दाट. समुद्रानं इंजिनाच्या पोटात मिठाची जाड साल चढवली होती आणि गोड्या पाण्यात ती सुटून येत होती. मी इंजिन परत बाहेर काढलं आणि तेजाब घालून धुतलं. पांढरा फेस, डोळ्यांतून पाणी, घशात आग. आतून लोखंड करडं, स्वच्छ दिसेपर्यंत धुतलं. घाणेरडं इंजिन मी गाडीत बसवत नाही. तेव्हा बसवलं नाही, आज बसवणार नाही.

मग मात्र ती गाडी पळाली.

पहिल्या फेरीला मीही गेलो होतो. मागच्या सीटवर मथुरावहिनी आणि शेजारच्या दोघी, मांडीवर पाट्या, टपावर पाट्या, माझ्या पायात पाट्या. असल्फ्याचा चढ आला. पुढे एक लठ्ठ नवी मोटार कण्हत चालली होती. हिराजीनं पाय दाबला. तेलाच्या डब्याची टोपी खडखडली, मागे काळा धूर सुटला, दार आपोआप उघडलं, ते मी हातानं धरून ठेवलं आणि आम्ही त्या मोटारीला मागे टाकून वर चढलो. बायका इतक्या हसल्या की जवळा सांडला. एक म्हणाली, दादा, ही गाडी हाय का होडी? पोटात ढवळताय. दुसरी म्हणाली, होडीच हाय, वास बघ की.

घाटकोपरच्या बाजारात मथुरावहिनी उतरली, पाटी घेऊन चार पावलं चालली आणि थांबली. डोक्याला हात लावून बघितला. चुंबळ आणायला विसरली होती. आठवणही झाली नव्हती.

तो एक महिना झकास गेला. गाडीच्या गाद्यांना बोंबलाचा वास लागला तो सुटला नाही, काचा डिझेलनं धुरकट झाल्या, पण हिराजी रोज सकाळी जमिनीवर कामाला जायचा आणि दुपारी जमिनीवरून घरी यायचा. पाऊस चढला की आपण सगळेच घरात बसून बाहेर बघतो. तो गाडीत बसून बघायचा. एकदा कांदिवलीच्या रस्त्यावर धो धो लागला म्हणून गाडी कडेला घेतली होती. तो म्हणाला, असल्या पावसात मी समुद्रावर नाय आणि उपाशी पण नाय, हे पहिल्यांदाच होतंय. मी बाहीनं काच पुसली. टपाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, तेवढा पुरे होता.

मग गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. रेडिएटर भरावा आणि संध्याकाळी बघावं तर खाली. नळ्या बघितल्या, पंप बघितला. खाली थेंब पडत नाही, वर वाफ दिसत नाही, पाणी जातंय कुठं? अशा वेळी आमच्या धंद्यातला जुना इलाज असतो. रेडिएटरमध्ये हळद घालायची. पाण्याबरोबर फिरत फिरत ती जिथं फट असेल तिथं जाऊन बसते आणि फुगून फट बुजवते. मथुरावहिनीनं घरातून हळदीचा डबा आणला. मी मूठ-मूठ ओतायला लागलो तर म्हणाली, "दादा, गाडीचा लगीन लावताय काय? मग नवरा कोन?" हिराजी म्हणाला, मीच. तेव्हा ती लाजली, ह्या वयात.

हळदीनं पाणी थांबलं. सगळे खूश. मीही खूश. पाणी थांबलं म्हणजे भोक बुजलं, पण भोक होतंच ना. ते मला तेव्हाही कळत होतं. पण श्रावण लागला होता, रोज बाजार होता, आणि पुनव तोंडावर आली होती.

नारळी पुनवेच्या आधी इंजिन गाडीतून काढून बोटीत बसवलं. रेडिएटर गेला, समुद्राच्या नळ्या पुन्हा लागल्या. धर्माबाबानं स्वतः इंजिन पुसलं, हळदकुंकू लावलं, त्याच्या पायाशी, म्हणजे फाउंडेशनच्या बोल्टांपाशी, फुलं ठेवली. दांडा सजला होता. रंगवलेल्या होड्या, पताका, जरीची लुगडी, बायकांच्या अंबाड्यात अबोली. हिराजी नवा शर्ट घालून किनाऱ्यावर माझ्या शेजारी उभा होता, बोटीत नाही. बोटीत त्याचा चुलतभाऊ होता. सगळ्यांना ते दिसत होतं. मथुरावहिनी मात्र नवऱ्याच्या बाजूला अशी उभी होती जशी काही आजच लग्न झालंय.

म्हाताऱ्यानं नारळ सोडला. बोट ओंडक्यांवरून घसरत पाण्यात गेली. इंजिन हँडलच्या पहिल्या फेऱ्यालाच बोललं. लोकांनी ओरडून हात वर केले.

मी आवाज ऐकत होतो. बोट खडकांच्या पलीकडे गेली आणि आवाज जड झाला. आजारी माणूस जिना चढतो तसा. मी हिराजीकडे बघितलं नाही. मग आवाज बंद झाला. दुसऱ्या बोटीनं दोर टाकून तिला ओढत परत आणली, सगळ्या सजलेल्या होड्या बाहेर जात असताना ही एकटी उलटी येत होती. मी गुडघाभर पाण्यात जाऊन बोटीत चढलो आणि तेलाची पट्टी काढून बघितली. तेल दुधाळ, चहासारखं. समुद्र इंजिनाच्या तेलात शिरला होता.

झालं होतं ते असं. त्या मिठानं इतकी वर्षं लोखंड आतून खाल्लं होतं आणि खाऊन पाडलेली भोकं स्वतःच बुजवून ठेवली होती. मी मीठ काढलं, भोकं मोकळी झाली. गाडीत तेच ते पाणी फिरत होतं म्हणून हळद टिकली. समुद्राचं पाणी दर क्षणाला नवं. त्यानं हळद धुऊन नेली.

हे मी तिथं उभ्या उभ्या धर्माबाबाला समजावून सांगितलं. इंजिन समुद्रानंच खाल्लं होतं, मी नाही. आज ना उद्या ते जाणारच होतं. म्हातारा ऐकत होता की नाही कोण जाणे. त्यानं इंजिनावर हात ठेवला, ते अजून गरम होतं, आणि म्हणाला, "गोड पाणी पाजलास रं तू त्याला."

माझ्याशी तो त्यानंतर बोलला नाही. मीही त्याच्याशी बोलायला गेलो नाही. जे बरोबर होतं ते मी सांगून झालं होतं.

ब्लॉक शेडमध्ये आणून मी जोडायचा प्रयत्न केला. बिडाचं लोखंड तापवून जोडायला गेलं की शेजारी नवी चीर जाते. एक बुजवावं तर दुसरं उघडतं. कुर्ल्याला गेलो, तसल्या टेम्पोचं इंजिन नव्हतं, ना बोटीला ना डुकराला. येईल म्हणाले. पण हंगाम थांबत नाही. दिवाळीआधी हिराजी एका मोठ्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. आपली बोट असली की माणूस पहाटे जातो आणि दिवस मावळायच्या आत घरी येतो. ट्रॉलरवर गेलेला पंधरवडा पंधरवडा जमीन बघत नाही. जमिनीवर यायला निघालेला माणूस असा पार आत गेला.

बोट वाळूवर राहिली. बोट हंगामभर पाण्याबाहेर राहिली की मरते, हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. फळ्या सुकतात, आक्रसतात, सांधे उघडतात. उन्हाळा संपता संपता तिच्या अंगातून पलीकडचं दिसायला लागलं. मग कुर्ल्याला इंजिन मिळालं असतं तरी घालायचं कशात? पुढच्या पुनवेला धर्माबाबा किनाऱ्यावर आलाच नाही. घरात भिंतीकडे तोंड करून निजून राहिला.

डुक्कर वाडीत होतं, रिकाम्या नाकाचं. इंजिनाच्या जागी कोंबडी अंडी घालायची. मथुरावहिनी पाटी घेऊन त्याच्या बाजूनं जायची, डोक्यावर चुंबळ, मान एका बाजूला. मी एकदा दांड्यावर गेलो होतो तेव्हा समोरून आली. बरा हाय ना दादा, म्हणाली. मी म्हटलं, बरा आहे. ती थांबली नाही. डोक्यावर ओझं असलेलं माणूस थांबत नाही, पाटी कोण उतरवणार.

आता अंधेरीला डोक्यावरून मेट्रो जाते. शेडच्या जागेसाठी बिल्डरची माणसं गोड बोलून जातात. गाड्यांची इंजिनं आता प्लास्टिकच्या झाकणाखाली असतात, उघडून कुणी बघत नाही. माझ्याकडे येतात ते पंक्चरवाल्याचा पत्ता विचारायला. मथुरावहिनीची मान सरळ होत नाही, ती घरातच असते. हिराजी जन्मभर ट्रॉलरवर राहिला. इंजिनाच्या शेजारी झोपून झोपून त्याचे कान गेले. आता जमिनीवर आहे, कायमचा, पण जमिनीवर त्याला करायचं काही नाही. कधीमधी रिक्षा करून माझ्याकडे येतो. त्या पावसाळ्याबद्दल आम्ही बोलत नाही.

काल आला होता. भुरभुर चालली होती. दाराजवळच्या ब्लॉकवर बसला. पोतं बाजूला सरकलं होतं, हाताला ओल लागली. त्यानं बोट बघितलं. मग ते जिभेला लावलं, जसं बायका कालवणाची चव बघतात.

"अजून खारटच हाय," तो मोठ्यानं म्हणाला, बहिरी माणसं बोलतात तसं. "तू तर धुतलेलास ना रं?"

धुतलं होतं, मी म्हणालो.

त्याला ऐकू गेलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी परत म्हणालो नाही.